दुसऱ्या वळणावरचं लिंबू

माझ्या मनगटाचं प्लास्टर निघून आठ दिवसही झाले नव्हते, तेवढ्यात अध्यक्षांनी माझी बदली टेबलावर करून टाकली. होळीनंतरचा रविवार होता. टेकडीच्या पायथ्याशी सगळे पोहे खात उभे होते आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, "ताई, आता तुम्ही खाली रजिस्टर सांभाळा. सेफ्टी फर्स्ट. वर तरुण मंडळी आहेतच की." मग माझ्या बशीत आणखी एक चमचा पोहे वाढले. माझ्या निरोपाचा समारंभ त्या एका चमच्यात उरकला होता.

हे आमचं मंडळ म्हणजे दर रविवारी सकाळी पनवेलजवळच्या एका टेकडीवर जाऊन तिथली पायवाट नीट ठेवणारी वीस-पंचवीस माणसं. टेकडी वनखात्याची, वाट सगळ्यांची आणि घाम आमचा. सकाळी फिरायला खांदा कॉलनीतून, कळंबोलीतून, पार रोडपालीहून लोक येतात. ते वाट तुडवतात, पाऊस वाट धुऊन नेतो, आणि आम्ही फावडी-घमेली घेऊन ती पुन्हा जागेवर आणतो. याचे कुणी पैसे देत नाही. माझ्या नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं की घरातला जिना झाडायला सांगितलं तर कंबर दुखते, मग डोंगर झाडायला कशी जातेस? बरोबर होतं त्याचं, तरी मी पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

वाटेचे नऊ तुकडे करून अध्यक्षांनी ते नऊ जणांना वाटून दिले होते. अध्यक्ष जहाज कंपनीतून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी, खिशात वही. माझ्या वाट्याला आलं होतं दुसरं वळण. खालून चढत आलं की वाट एका ऐनाच्या झाडापाशी वळते आणि उलट दिशेने वर जाते. तेवढं ते वळण आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पाऊणशे पावलं, एवढं माझं राज्य. दोन पावसाळे ते टिकलं होतं. बाकीच्यांचे तुकडे दर वर्षी खचायचे आणि माझं वळण तसंच्या तसं. मी याबद्दल मंडळात किती वेळा बोलले असेन याची मोजदाद कुणी ठेवली नाही हे बरं झालं.

आणि टेबल मला का नको होतं तेही सांगून टाकते. मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. इंजिनियर पेन्सिलीने आराखडा काढायचे, मी वर ट्रेसिंग पेपर ठेवून तो शाईने गिरवायचे. कालवे, चाऱ्या, सांडवे, मोऱ्या. बावीस वर्षं मी पाण्याची वाट गिरवली आणि त्यातला एक कालवाही डोळ्यांनी पाहिला नाही. मग कॉम्प्युटर आले, ट्रेसरचं काम संपलं आणि मला आवक-जावकच्या टेबलावर नेऊन बसवलं. शेवटची नऊ वर्षं मी पत्रांवर शिक्के मारले. त्या टेबलाचा सनमायका कुठे उचकटला होता ते मला अजून सांगता येईल. निवृत्त झाल्यावर या टेकडीवर कुणीतरी माझ्या हातात कुदळ दिली आणि म्हटलं, इथून पाणी बाहेर काढायचंय. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे मी नवऱ्यालाही सांगितलं आहे.

म्हणून पोह्यांची बशी खाली ठेवून मी अध्यक्षांशी सौदा केला. अध्यक्षांना अटी फार आवडतात हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "पावसाळाभर माझं वळण टिकलं तर?" त्यांनी लगेच वही काढली. श्रावणात पाहणी करायची, वळण जागेवर असेल आणि वाट एकच असेल तर तुकडा माझा. नाहीतर टेबल. त्यांनी खाली तारीख घातली आणि माझी सही घेतली.

"वाट एकच" हे त्यांनी मुद्दाम घातलं होतं. माझ्या वळणाला एक दुखणं होतं. वाट वळसा घेते आणि लोक वळसा घेत नाहीत. वरच्या भागातून थेट खालच्या भागात उतरणारी एक आडवाट पडली होती, सरळ, उभी, पंचवीसेक पावलांची. अशा आडवाटेने गवत मरतं, माती मोकळी होते, मग पाणी तिथूनच धावतं आणि खालची वाट कापतं. परतीच्या पावसात तिथे गुडघाभर घळ पडली होती. संक्रांतीच्या सुमारास मी पडले आणि मनगट मोडून घेतलं ते त्याच घळीत.

तेव्हा ती आडवाट बंद करणं हे माझं पहिलं काम झालं. मी करवंदीच्या काटेरी फांद्या कापून तिच्या वरच्या तोंडाशी रचल्या. पुढच्या रविवारी फांद्या बाजूला, अगदी नीट रचून ठेवलेल्या. मी पुन्हा टाकल्या, दुप्पट. पुन्हा बाजूला. मग मी पाटी करून आणली, 'वाट बंद आहे', पांढऱ्यावर लाल, माझं अक्षर छापील आहे. पाटी गेलीच. पाटीचा खांब मात्र राहिला होता आणि त्याला कुणीतरी बकरी बांधली होती. लेंड्यांवरून कळलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण कुणीतरी माझे दगडही हलवत होतं. वाटेवरून वाहणारं पाणी बाहेर काढायला आम्ही दगडांची तिरकी ओळ पुरतो. माझ्या वळणाच्या वरच्या बाजूची ओळ मी घरी कागदावर काढून, कोन मोजून बसवली होती. दर पावसाळ्यानंतर ती मला हातभर सरकलेली सापडायची. मी शिव्या घालत ती पुन्हा नकाशाप्रमाणे बसवायची. मला वाटायचं, वाडीवरची कुणी माणसं खोड्या काढतात. टेकडीच्या मागे दहा-बारा घरांची वाडी आहे. आमच्यापैकी तिथे कुणी कधी गेलं नव्हतं.

मे महिन्यात माझं डोकं फिरलं. आता जे सांगते त्याची मला लाज वाटते, पण हसूही येतं. मी ठरवलं, काटे नाहीत, पाटी नाही, आता उतारा ठेवायचा. दृष्ट काढून, ओवाळून रस्त्याच्या कडेला टाकतात तो उतारा. तो कुणी ओलांडत नाही. वाडीवरचे लोक तर नक्कीच ओलांडणार नाहीत, असं मी गृहीत धरलं. त्या गृहीत धरण्यातच माझं सगळं शिक्षण उघडं पडलं.

शनिवारी दुपारी मी सुई-दोरा घेऊन बसले. सात मिरच्या, एक लिंबू, खाली बिब्बा. एक नारळ घेतला, त्याला हळदकुंकू फासलं, फुटक्या हिरव्या बांगड्या घेतल्या. नवरा पेपर वाचता वाचता बघत होता.

"कुणावर करणी?" त्याने विचारलं.

"पाण्यावर," मी म्हटलं.

"पाण्याला कळेल असं काहीतरी कर," तो म्हणाला आणि पान उलटलं.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन आडवाटेच्या तोंडाशी ते सगळं मांडलं आणि वर माझ्या कामाला लागले. थोड्या वेळाने मंडळाचे पहिले सहा-सात जण वर आले. त्यातला एक मोठ्या आयटी कंपनीत मॅनेजर, टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणारा. तो उताऱ्यापासून दहा पावलांवर थबकला. मागचे सगळे त्याच्यावर आदळले.

"मी मानत नाही," तो म्हणाला, "पण उगाच रिस्क कशाला?"

"निगेटिव्ह एनर्जी असतेच," मागून एक बाई म्हणाल्या. त्या योगाचे वर्ग घेतात.

मग त्या सगळ्या शिकलेल्या माणसांनी वाट सोडली आणि बाहेरच्या बाजूने, उतारावरच्या भुसभुशीत मातीतून, झुडपं धरत धरत लांबून वळसा घातला. त्यांच्या मागून येणाऱ्यांनी त्यांचे पाय बघितले आणि तेही तिथूनच गेले. उतरताना सगळे पुन्हा तिथूनच. मी वर उभी राहून बघत होते. ओरडून सांगणार काय, की घाबरू नका, ते मी ठेवलंय?

पुढच्या रविवारपर्यंत उतारा नाहीसा झाला होता. नारळ, लिंबू, मिरच्या, काही नाही. यावर मंडळाच्या ग्रुपवर अशी चर्चा झाली की उतारा आपोआप गेला, म्हणजे फारच जालीम असणार. त्यामुळे बाहेरचा वळसा कायम राहिला. रोज सकाळी फिरायला येणारेही आता तिथूनच जायला लागले. मी हट्टाने दुसरा उतारा ठेवला. तोही गेला आणि वळसा आणखी रुंद झाला. दोन आठवड्यांत माझ्या वळणावर एकाच्या जागी तीन वाटा होत्या. एक मंडळाची, एक आडवाट आणि एक माझ्या लिंबाने पाडलेली. अध्यक्ष वही घेऊन आले, तीनही वाटांवरून चालून बघितलं आणि मला फक्त एवढंच म्हणाले, "ताई, टेबलाला आपण छत्री लावून घेऊ. ऊन लागतं."

त्या मंगळवारी मी भाजीला जाते असं सांगून रिक्षाने एकटीच टेकडीवर गेले. उजाडून थोडाच वेळ झाला होता. आडवाटेच्या वरच्या तोंडाशी एका दगडावर बसले. जो कोणी येईल त्याला रंगेहाथ पकडायचं आणि चांगलं झापायचं, एवढाच बेत होता.

आली ती एक बाई. माझ्याच वयाची असेल किंवा थोडी लहान, काटकुळी, डोक्यावर करवंदांची पाटी, वर पानं झाकलेली. ती माझ्यासमोर उभी राहिली, मला बघितलं, माझ्या पिशवीला बघितलं.

"तूच का ती लिंबावाली?" तिने विचारलं.

"कसलं लिंबू, मावशी?"

"मावशी कोनाची? तुझ्यापरीस ल्हान असंन मी. पिशवीला कुंकू लागलंय तुझ्या."

मी पिशवी मागे घेतली. तिने पाटी उतरवून खाली ठेवली आणि माझ्याशेजारी बसली, बराच वेळ हातात असल्यासारखी.

"नारळ चांगलं निघालं दोनी. लिंबू वाळकं व्हतं. रसाचं बघून घेत जा."

"तुला भीती नाही वाटली? उतारा होता तो."

"उतारा?" ती खरंच विचारात पडली. "उताऱ्याला भात लागतो. दहीभात. भाताबिगर कुठं उतारा असतो? मला वाटलं, कोनाचा बाजार सांडला."

मी झापायला आले होते ते राहूनच गेलं. तिने मग माझी चौकशी केली. रविवारी रविवारी येऊन आम्ही दगड उचलतो त्याचा रोज किती पडतो, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, हौसेने करतो.

"फुकट?"

"फुकट."

"सून तरास देती का घरात?"

"सून नाही मला. मुलगी आहे, पुण्याला असते."

"मंग नवरा?"

"नवरा बरा आहे."

"मंग ऐतवारी घरी का बसत नाय?" हे विचारताना तिच्या आवाजात खरी काळजी होती. तिचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तिच्या ओळखीत फुकट दगड उचलणारं माणूस मीच पहिलं असणार.

ती रोज पळस्प्याच्या नाक्यावर बसते. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, पावसात रानभाज्या, एरवी सरपणाची मोळी. लवकर पोचलं तर झाडाखालची जागा मिळते, उशीर झाला तर उन्हात बसावं लागतं आणि करवंदं पाणी सोडतात. आडवाट तिची होती, तिच्या सासूचीही होती. आमचा वळसा नंतरचा. मी टाकलेले काटे ती दर सोमवारी बाजूला करायची, आणि नीट रचून ठेवायची, कारण ते चुलीला चालतात.

"आणि माझे दगड? ते पण तूच हलवतेस ना?"

"हां. आनि तू परत हितं आनून ठेवतेस." तिने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली. वर जाऊन माझ्या दगडांच्या ओळीच्या वरच्या अंगाला वाटेत निम्मी बाटली ओतली. पाणी उतरत आलं, माझ्या ओळीला येऊन टेकलं, ओळीच्या कडेने अगदी शिस्तीत बाहेर पडलं आणि थेट आडवाटेच्या तोंडातून माझ्या चपलांपाशी आलं. मग खाली घळीत गेलं.

मी त्या ओल्या रेघेकडे बघत राहिले. घळ तिच्या पायांनी पडली नव्हती. माझ्या दगडांनी पाडली होती. घरी काढलेल्या नकाशात मी वाटेच्या दोन रेघा ओढल्या होत्या आणि पाणी त्या रेघांच्या बाहेर काढलं होतं. बाहेर कोरा कागद होता. त्या कोऱ्या कागदावर ही बाई रोज पाटी घेऊन उतरत होती. बावीस वर्षं मी असेच कागद गिरवले होते आणि त्या प्रत्येक कागदाच्या कोऱ्या भागात कोण राहत असेल हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मला तिच्याकडे बघवेना.

"पावसात तुमी येत नाय," ती म्हणाली. "मी दगड वर सरकवते, तिकडं कातळ हाय, पानी कातळावरून व्हळात जातं. मंग गनपती झाले की तू येतेस आनि परत खाली आनतेस. मागल्या साली परतीचा पाऊस पडला, मंग झाली घळ."

म्हणजे दोन पावसाळे माझं वळण टिकलं ते हिच्यामुळे. मंडळात मी ज्याच्या जोरावर मिरवत होते ते काम हिचं होतं, आणि त्यात मी केलेली एकमेव भर म्हणजे ती घळ.

"त्याच घळीत मी पडले," मी म्हटलं.

"बघितलं मी. वर बकऱ्या घिऊन बसले व्हते. तुमची मानसं नुसती शिट्या वाजवत व्हती."

मी तिला टेबलाचं सांगितलं. श्रावणातली पाहणी, एकच वाट, नाहीतर खाली रजिस्टर. तिला आधी ती बढतीच वाटली. सावली, खुर्ची, वर छत्री. मग मी शिक्क्यांचं सांगितलं, नऊ वर्षांचं. ती ऐकत करवंदं चिवडत होती, पिकली-कच्ची वेगळी करत होती.

"सरावनात ना?" ती पाटी डोक्यावर घेत म्हणाली. "बघू. सुक्कारी पहार घिऊन ये."

पावसाच्या आधीचे बारा-पंधरा दिवस मी आयुष्यात जेवढं ऐकून घेतलं नव्हतं तेवढं तिच्याकडून ऐकून घेतलं. मी दगड उचलायचा, तिने सांगायचं, हा नाय, चपटा. मी चपटा आणायचा, ती म्हणायची, पालथा. नाक्यावर जायच्या आधी ती अर्धा-पाऊण तास थांबायची, बाकीचं मला एकटीला नेमून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी तपासायची. दगडांची ओळ वर कातळापाशी गेली. आडवाटेत आम्ही चपट्या दगडांच्या पायऱ्या बसवल्या, म्हणजे माती मोकळी होणार नाही. लिंबाने पाडलेल्या बाहेरच्या वाटेवर काटे घातले, या वेळी तिच्या परवानगीने. त्याशिवाय मी ग्रुपवर संदेश टाकला की दुसऱ्या वळणावरच्या प्रकारावर जाणकारांकडून तोडगा करून घेतला आहे, आता निर्धास्त जावं. लगेच चौदा जणांनी हात जोडले. आयटीवाल्याने विचारलं की जाणकारांचा नंबर मिळेल का.

मग पाऊस लागला आणि मंडळाचं वर जाणं बंद झालं. जून गेला, जुलै गेला. आमच्या गॅलरीतून टेकडी दिसते, पण त्या दोन महिन्यांत ती दिसेल तर शपथ. मी उगाच अस्वस्थ व्हायची. शेवटी रिक्षा करून पळस्प्याला जायची. ती झाडाखाली प्लॅस्टिकचा कागद पांघरून बसलेली असायची, समोर शेवळं, नंतर टाकळा, नंतर भारंगी.

"वळण आहे का?" मी विचारायची.

"हाय. कुठं जातंय?" असं म्हणून ती मला एक जुडी जास्त घ्यायला लावायची. त्या पावसाळ्यात आमच्या घरी इतक्या रानभाज्या झाल्या की नवऱ्याने मला एकदा हात जोडून मेथीची आठवण करून दिली.

श्रावणात एका उघडलेल्या रविवारी पाहणी झाली. सगळं मंडळ वर, अध्यक्ष पुढे, हातात टेप. पहिला तुकडा खचला होता. तिसऱ्यावर दरड आल्याचं खालूनच दिसत होतं. चौथ्याच्या मालकाने ताप आल्याचं कळवलं होतं. माझ्या वळणापाशी येऊन अध्यक्ष थांबले, पाय आपटून बघितलं, टेप लावून बघितलं. वळण जागेवर होतं. घळ बुजली होती, वर गवत आलं होतं.

मग त्यांना पायऱ्या दिसल्या. "ही वाट कसली? वाट एकच ठरली होती, ताई."

याची मी तयारी केली होती. पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला आणि त्यांच्यासमोर उलगडला. शाईने काढलेला, उत्तर दिशेचा बाण, बाजूला स्केल, खाली छापील अक्षरात शीर्षक, 'पायऱ्यांचा सांडवा'. सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी सोडायची जागा. मी गंभीरपणे सांगितलं की पायऱ्यांमुळे पाण्याचा वेग मोडतो. तो खरंच मोडतो. फक्त या पायऱ्यांवर पाणी कधीच येणार नव्हतं. अध्यक्षांनी नकाशावरून बोट फिरवलं आणि बाणापाशी येऊन ते विरघळले. कागदावर उत्तर दिशा दाखवली की त्यांना पुढचं काही विचारावंसं वाटत नाही.

नेमकी तेव्हाच ती त्या सांडव्यातून उतरत आली. पाटीत करटोली. एवढा घोळका बघून मधल्या पायरीवर थांबली.

अध्यक्षांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते मंडळाकडे वळले आणि त्यांनी छोटंसं भाषण केलं. बाकीच्या तरुण मंडळींचे तुकडे वाहून गेले आणि हे एक वळण राहिलं, तेही एका हाताने काम करणाऱ्या बाईंनी राखलेलं, हे सगळ्यांनी बघून घ्यावं. तुकडा ताईंकडेच राहील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. मग माझी नजर तिच्याकडे गेली. ती डोक्यावर पाटी घेऊन ऐकत उभी होती.

"एक मिनिट," मी म्हटलं. "हे मी एकटीने नाही केलं. खरं म्हणजे ही ओळ कुठे बसवायची ते मला..."

"हिनंच केलं," ती मधल्या पायरीवरून मोठ्याने म्हणाली. "मी रोज बघायची ना. लय राबली बाय. एकलीनं केलं समदं."

"बघा," अध्यक्ष खूश होऊन म्हणाले, "इथले लोकही सांगतायत." त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं. मी पुन्हा तोंड उघडलं, पण शिट्टी वाजली आणि मंडळ तिसऱ्या तुकड्याकडे चालू लागलं. वहीत ते वाक्य अजून तसंच आहे. ते खोडून घ्यायला मी गेले नाही, यात माझा भित्रेपणा किती आणि लोभ किती हे मला ठरवता आलेलं नाही.

मी मात्र त्यांच्यामागे न जाता खाली तिच्यामागे धावले. खालच्या वाटेवर तिला गाठलं. दम लागला होता.

"खोटं का बोललीस? तुझं काम होतं ते. सगळ्यांसमोर सांगायची वेळ होती."

"सांगून काय? मला देनार व्हते का तुकडा?"

मी हातातल्या नकाशाची गुंडाळी करू लागले.

"तुला टेबलावर बशिवलं असतं तर तुझ्या जागी दुसरं कोनी आलं असतं ना?"

"आलं असतं."

"मंग तेला परत पयल्यापासून शिकवायला लागलं असतं. तुलाच दोन पावसाळे लागले." तिने पाटी सारखी केली. नाक्यावरची झाडाखालची जागा जायची वेळ झाली होती आणि मी तिला अडवून धरलं होतं. "मंगळवारी ये. वरची दोन दगडं हल्ल्यात. आनि या वेळी हातमोजं आनू नको, तेनं दगड धरवत नाय."

मी बरं म्हटलं आणि बाजूला सरकून तिला वाट दिली.